तुतनखामेनची कबर, माप १:२० : प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

वाचनालयाच्या डिसेंबरातल्या प्रदर्शनाचा विषय पक्का झाला : इजिप्तच्या राजांच्या दरीतली प्राचीन राजा तुतनखामेनची कबर. अध्यक्षकाकांना सोनेरी मुखवटा हवा होता, तोही दारातच, म्हणजे लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतील. मी म्हटलं, मुखवटा सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान वहीच्या कव्हरवर तरी. तो कुठे होता, त्याच्याभोवती काय काय होतं आणि तिथवर पोचायला एवढा वेळ का लागला, हे कुणी पाहिलेलं नसतं. ४ नोव्हेंबर १९२२ ला पहिली पायरी लागली आणि मुखवटा दिसला १९२५ च्या ऑक्टोबर अखेरीस. मधली तीन वर्षं दाखवायची. काका अर्धे पटले, तेवढ्यावर काम सुरू केलं.

खोल्यांची प्रतिकृती करायची आणि ती सुटी करता आली पाहिजे. ही कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने ज्या क्रमाने ती रिकामी केली, त्याच क्रमाने मुलांनी ती रिकामी करायची. या कामात अट एवढी एकच. रंग, वर्ख, दिवे हे सगळं नंतर बघू.

१७ ऑगस्ट, रविवार

मापं जमवली. कार्टरची नोंदपत्रं, दैनंदिन्या आणि हॅरी बर्टनची छायाचित्रं ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. एकेका वस्तूचं कार्ड, त्यावर कार्टरच्या हातचं रेखाटन. कामाचं म्हणून उघडलं आणि रात्र कशी गेली कळलं नाही.

पुढची खोली ७.८५ मीटर लांब, ३.५५ रुंद. तिच्या उत्तरेला शवकक्ष, ६.३७ बाय ४.०२. शवकक्षाच्या पूर्वेला कार्टर ज्याला खजिना म्हणायचा ती खोली, ४.७५ बाय ३.८०. पुढच्या खोलीला पश्चिमेकडून लागून एक जोडखोली, ४.३५ बाय २.६०. बाहेरून येताना सोळा पायऱ्या, मग सुमारे ८ मीटरची उतरती वाट. संपलं.

राजाला हे फारच अपुरं. शेजारची सहाव्या रामसेसची कबर शंभर मीटरहून जास्त आत डोंगरात शिरते. तीच १:२० ने करायची तर पाच मीटरहून लांब टेबल लागेल. आमचं सगळं चार बाय तीन फुटांच्या प्लायवर मावतं. तुतनखामेन एकोणिसाच्या आसपास वारला. एवढ्या लवकर कबर लागेल असं कुणाला वाटलं नसणार. दुसऱ्या कुणासाठी खोदलेली जागा घाईने वाढवून त्याला दिली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला ते आत्ता नुसतं वाचून पटतंय. तुकडे हातात आले की बघू.

शवकक्षाची जमीन पुढच्या खोलीपेक्षा जवळपास एक मीटर खाली आहे, आपल्या मापात पाच सेंटिमीटर. म्हणजे तळ एकाच पातळीचा करून भागणार नाही.

२३ ऑगस्ट

सुतारमामांकडे गेलो. गणपती चार दिवसांवर, दुकानात मखरांची रांग. "विसर्जनानंतर या," म्हणाले. प्लायची मापं लिहून ठेवून आलो.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज मामांनी तळ कापून दिला. तो वाळेपर्यंत वरच्या थराचा विचार केला. पाहुण्याला आधी कबर दिसताच कामा नये. प्रतिकृतीवर झाकण हवं, आणि त्या झाकणावर झोपड्या.

या झोपड्या महत्त्वाच्या. सहाव्या रामसेसची कबर खोदणाऱ्या मजुरांनी त्या उभारल्या, तुतनखामेननंतर जवळपास दोनशे वर्षांनी. पुराच्या गाळाने आणि दगडांच्या राशीने त्याच्या कबरीचं तोंड आधीच बुजलेलं होतं. त्यावर या झोपड्या बसल्या आणि खाली काय आहे याची आठवणच दरीतून गेली. दरीतल्या बाकीच्या राजांच्या कबरी पुढे पुरत्या लुटल्या गेल्या, ही वाचली.

कार्टर १९१७ पासून लॉर्ड कार्नार्व्हन या इंग्लिश उमरावाच्या पैशाने दरीत खडकापर्यंत उकरत होता. त्याच्या आधी इथे खोदणाऱ्या थिओडोर डेव्हिसने दरी आता संपली असं छापून टाकलं होतं. गंमत अशी की तुतनखामेनचं नाव असलेला पेला डेव्हिसलाच मिळालेला, आणि राजाच्या अंत्यविधीतली मडकी आणि कापडं असलेला खड्डाही त्यालाच. शिवाय एका लहान कबरीत त्याला याच राजाच्या नावाचे सोन्याच्या पत्र्याचे तुकडे मिळाले, आणि तीच त्याने तुतनखामेनची कबर समजून घेतली. कार्टरने त्याच वस्तूंचा अर्थ उलटा लावला : राजा जवळपास कुठेतरी आहे. पण वर्षानुवर्षं हाती फारसं काही लागेना. १९२२ च्या उन्हाळ्यात कार्नार्व्हन थांबायचं म्हणाला. कार्टरने आणखी एक हंगाम स्वतःच्या खर्चाने करायची तयारी दाखवली, तेव्हा कार्नार्व्हनने तो खर्चही आपल्याच अंगावर घेतला. १ नोव्हेंबरला झोपड्यांचे पाये काढायला सुरुवात झाली, चौथ्या दिवशी पायरी.

पहिली पायरी पाण्याची भांडी आणणाऱ्या एका मुलाला दिसली, ही गोष्ट दरीजवळच्या लक्झर शहराकडे सांगतात. कार्टरच्या दैनंदिनीत असा मुलगा नाही, फक्त पायऱ्या सापडल्याची त्रोटक नोंद आहे. फलकावर मुलगा टाकावा का? प्रदर्शनाला येणाऱ्या पोरांना तो आवडेल. मी नाही टाकला.

१४ सप्टेंबर

पायऱ्या माउंट बोर्डच्या. उतरती वाट सनबोर्डची, बाजूने काच, म्हणजे आतला भराव दिसेल.

चोर राजाला पुरल्यावर थोड्याच काळात आले, आणि एकदा नाही, दोनदा. पहिल्या खेपेनंतर पहारेकऱ्यांनी ही सगळी वाट खडी-दगडांनी गच्च भरून टाकली. दुसऱ्या खेपेचे चोर त्या भरावाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून बीळ करून आत गेले. कार्टरला दारावरचं गिलाव्याचं ठिगळ आणि भरावातला वेगळ्या रंगाचा पट्टा, दोन्ही दिसलं, तेव्हाच त्याच्या पोटात गोळा आला असणार. आतला माल गेला असं धरूनच तो पुढे सरकला.

चोरांना हवं होतं ते लहान, वजनाला हलकं आणि ओळख पटू नये असं : दागिने, धातू, सुगंधी तेलं. तेलं तर त्यांनी भांड्यांतून काढून नेली. एका पेटीत फडक्यात गाठ मारून बांधलेल्या सोन्याच्या अंगठ्या सापडल्या. चोराच्या हातून सुटल्या किंवा काढून घेतल्या, आणि पहारेकऱ्याने त्या तशाच पेटीत टाकल्या. पसारा आवरणाऱ्याचाही जीव कामात नव्हता. पेट्यांच्या झाकणांवर आत काय आहे ते लिहिलेलं, आणि आत निघायचं भलतंच.

गाठोडं मी लाल सुती दोऱ्याचं केलं, तांदळाच्या दाण्याएवढं. भिंग ठेवावं लागेल.

२८ सप्टेंबर, रविवार

पुढची खोली. पूर्ण आठवडा यातच गेला आणि अजून पुरी नाही.

बर्टनच्या छायाचित्रांत प्रत्येक वस्तूपाशी क्रमांकाचं कार्ड ठेवलेलं दिसतं. पद्धत अशी : आधी सगळ्याचा फोटो, मग क्रमांक लावून पुन्हा फोटो, मग नकाशावर जागा, मग कार्ड, आणि त्यानंतरच वस्तूला हात. नकाशे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या हॉल आणि हाउझर यांनी काढले, बर्टन आणि आर्थर मेसही तिथलेच. रसायनांचं आल्फ्रेड लुकासकडे. दरीतल्या जुन्या कबरींचीच त्यांनी कार्यालयं केली : दुसऱ्या सेतीच्या कबरीत प्रयोगशाळा, आणखी एका लहान कबरीत बर्टनची अंधारखोली. क्रमांक ६२० पर्यंत गेले आणि एकेका क्रमांकाखाली अ, ब, क करत वस्तू पाच हजारांवर.

पहिली वस्तू उचलली २७ डिसेंबरला : क्रमांक २१, रंगवलेली पेटी, बाजूंवर रथात उभा राहून राजा लढतोय. ती बाहेर काढणं सोपं होतं, रिकामी करणं नव्हतं. आत कपडे, चपला, मण्यांचं काम, सगळं एकमेकांत दाबलेलं. कापड हात लावताच भुकटी होणारं, मण्यांचा दोरा कुजलेला. तळ गाठायला मेस आणि कार्टर यांना तीन आठवडे लागले. वितळलेलं मेण ओतून मणी जिथल्या तिथे धरायचे आणि मग नव्या दोऱ्यात ओवायचे. एका पेटीला तीन आठवडे, हे वाक्य मी फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत घेतलंय.

रथ करताना मजा आली. या खोलीत चार रथ, सुटे करून कोपऱ्यात रचलेले. आख वाटेतून जाईना म्हणून पुरणाऱ्यांनी ते करवतीने कापले होते. आम्ही थ्रीडी प्रिंटरवर आख आधी अखंड छापला आणि १:२० च्या वाटेत घालून पाहिला. वाट १.६८ मीटर रुंद, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरही नाही. आडवा जात नाही. उभा, तिरपा करून कदाचित गेला असता, पण खालच्या वळणाला पुन्हा अडतो. मग आम्हीही कापला. पुरणाऱ्यांनी करवत का काढली हे वाटेशी झटल्यावर लगेच कळतं.

उत्तरेच्या भिंतीपाशी राजाचे दोन काळे पहारेकरी पुतळे, मध्ये शवकक्षाचं बंद दार. दाराच्या खालच्या कोपऱ्यात चोरांचं भोक होतं. बर्टनच्या छायाचित्रात तिथे टोपलीचं झाकण आणि लव्हाळ्याची पेंढी टेकवलेली दिसते. कार्टर, कार्नार्व्हन आणि त्याची मुलगी लेडी एव्हलिन हे नोव्हेंबरातच गुपचूप त्या भोकातून आत जाऊन आले, आणि भोक झाकायला ते झाकण मागाहून तिथे ठेवलं गेलं. लुकासने पुढे हे लिहून टाकलं. दरवाजा समारंभाने उघडला १६ फेब्रुवारी १९२३ ला, जणू पहिल्यांदाच. टोपली आम्ही ठेवली आहे आणि ती उचलता येते. एवढी पद्धत घालून दिलेला माणूस पहिल्याच आठवड्यात पद्धत मोडतो, हेही पाहुण्यांना दिसू दे.

५ ऑक्टोबर

बैठक. काकांना शापाचा फलक हवा : कबर उघडणाऱ्यांना राजाचा शाप लागून ते मेले, ती दंतकथा. "लोक त्यासाठीच येतात रे." थोडा वाद झाला.

कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ ला कैरोत वारला : डास चावला, दाढी करताना तिथेच कापलं, विष भिनलं, मग न्यूमोनिया. प्रकृती आधीपासून नाजूक होती. कार्टर, ज्याने कबरीत सगळ्यांत जास्त काळ काढला, तो १९३९ पर्यंत जगला. भोकातून सरपटत आत गेलेली लेडी एव्हलिन १९८० पर्यंत. कार्नार्व्हनने बातम्यांचा हक्क एकट्या लंडनच्या टाइम्सला विकला होता, बाकीच्या वार्ताहरांना, त्यात इजिप्तच्या वृत्तपत्रांनाही, छापायला काही उरलं नव्हतं. शाप त्या रिकाम्या रकान्यांतून वाढला. तडजोड : एवढंच लिहिलेला छोटा फलक, शेवटच्या भिंतीवर.

त्याऐवजी दर्शनी भिंतीवर चार नावं घेतली : अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद, हुसेन अहमद सईद. हे मुकादम, तिकडे रईस म्हणतात. कार्टरने त्यांचे आभार मानले आहेत. त्यांच्या हाताखाली खोदणाऱ्या माणसांची आणि टोपल्या वाहणाऱ्या पोरांची नावं मात्र कुठे येत नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सगळ्यांत महत्त्वाचं काम. शवकक्षात सोनेरी मखर बसवणे. मखर म्हणतोय खरा, पण ही लाकडी घरं आहेत, सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, एकात एक अशी चार, आणि आत दगडी शवपेटी. सगळ्यांत बाहेरचं ५.०८ मीटर लांब, ३.२८ रुंद, २.७५ उंच. आमच्या मापात २५.४ बाय १६.४. खोली ३१.८ बाय २०.१. लांबीच्या दोन्ही टोकांना सरासरी तीन सेंटिमीटर, रुंदीच्या बाजूंना दोनही नाही. प्रत्यक्षात म्हणजे माणूस भिंतीला पाठ लावून आडवा सरकेल एवढी फट.

अख्खं मखर दारातून जाण्याचा प्रश्नच नाही, म्हणून ते भागांत आणलं गेलं हे उघड. पण भाग आत नेऊनही जुळवता येईनात. बाहेरच्याचे भाग आधी आत न्यावे तर आतले जोडायला जागा नाही. आतलं आधी उभं करावं तर बाहेरच्याच्या लांब बाजू फिरवायला जागा नाही. भाचीने सगळं बाहेर काढलं, चारही मखरांचे भाग उलट्या क्रमाने भिंतींना टेकवून ठेवले : बाहेरच्याचे भिंतीलगत, मग दुसरं, मग तिसरं, आणि मधोमध सगळ्यांत आतलं. मग आतून बाहेर जोडत आली. बसलं. पण त्यासाठी पुढच्या खोलीकडची भिंत काढून ठेवावी लागली.

आणि तेच खरं आहे. शवकक्ष आणि पुढची खोली यांच्यामधली भिंत खडकाची नाही, नंतर रचलेली आहे. मखरं आत उभी राहिल्यावर ती बांधली, गिलावा केला, आणि त्या चिंचोळ्या फटीत उभं राहून कुणीतरी तिच्यावर आतल्या बाजूने चित्रंही काढली. कार्टरला मखरं बाहेर काढायला हीच भिंत पाडावी लागली. भिंत पाडून मखरं सोडवायला ८४ दिवस लागले असं तो लिहितो. एकेक भाग पाव टनापासून पाऊण टनापर्यंत, वर सोन्याखालचा गिलावा लाकडापासून सुटलेला. जरा जोर लागला की सोनं हातात.

भागांवर प्राचीन सुतारांनी खुणा केलेल्या होत्या, कोणता कुठे, कोणती बाजू कुठल्या दिशेची. तरी जुळवणाऱ्यांनी अख्खी मखरं फिरवून बसवली : दारं पश्चिमेला हवी होती ती पूर्वेला आली. सांधे बसेनात तिथे हातोडे मारले, त्याचे वण सोन्यावर राहिले. आम्ही ते वण उमटवले आहेत, बोथट खिळ्याने. सुतारमामांनी खुणांची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "साईटवर असंच होतं. करणारा एक, बसवणारा दुसरा."

जागेच्या अपुरेपणाचं जे ऑगस्टात वाचलं होतं ते आज हाताने कळलं. घाई झाली होती असं म्हणायला पुराणकथा लागत नाही, फूटपट्टी पुरते.

दुसऱ्या मखराच्या दाराला दोरीची गाठ आणि तिच्यावर मातीचा शिक्का होता, कोल्हा आणि खाली नऊ बंदी. अभंग. म्हणजे चोर इथवर आले नव्हते. गाठ भाचीने बांधली, बर्टनचं छायाचित्र समोर ठेवून. फार चांगली जमली.

२६ ऑक्टोबर

दिवाळी संपली. सोसायटीतल्या पोरांनी किल्ल्याची उरलेली माती आणून दिली, दरीचा उतार त्यातून होईल. मावळे ठेवू का, असं एकाने विचारलं. नको.

शवकक्षाच्या भिंती रंगवल्या. चित्रं फक्त याच खोलीत आहेत, बाकीच्या कोऱ्या. उत्तरेच्या भिंतीवर पुढचा राजा आय, बिबट्याचं कातडं पांघरून, मेलेल्या राजाचं तोंड उघडण्याचा विधी करतोय. हा विधी करणारा तो वारस, म्हणजे चित्र एका अर्थी जाहीरनामाच. पश्चिमेला बारा माकडं. पूर्वेला शव ओढून नेणारे दरबारी. पिवळी पार्श्वभूमी पोस्टर कलरमध्ये दोन हात देऊन आली.

मग तपकिरी डाग. मूळ भिंतींवर ते सगळीकडे आहेत. ही बुरशी पाहुण्यांच्या श्वासाने वाढते अशी भीती होती. लॉस एंजलिसच्या गेटी संस्थेने इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याबरोबर दहा वर्षं काम केलं, २०१९ ला पुरं झालं. बर्टनच्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं तर डाग वाढलेले नाहीत, आणि ते सूक्ष्मजीव केव्हाच मेलेले आहेत. रंग-गिलावा ओला असतानाच कबर बंद झाली, असं त्यातून दिसतं. पुन्हा तीच घाई. म्हणून डागही रंगवले, जुन्या टूथब्रशने शिंतडून. एका काकूंनी विचारलं, "पावसात भिजलं का रे?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या नव्या भव्य संग्रहालयाचं उद्घाटन झालं, आजपासून ते लोकांसाठी खुलं. तुतनखामेनच्या कबरीतलं जवळजवळ सगळं तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडलंय. तारीख मुद्दाम निवडलेली दिसते, पायरीचीच.

एक नोंद वादासाठी. फेब्रुवारीत दुसऱ्या थुटमोसची कबर ओळखू आल्याची बातमी आली तेव्हा अनेकांनी "तुतनखामेननंतरची पहिली राजकबर" असं छापलं. मग १९३९-४० मध्ये नाईलच्या मुखाजवळ तानिसला पिएर माँते या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला सापडलेले राजे कुठे गेले? पहिला सुसेनिस चांदीच्या शवपेटीत, सोन्याच्या मुखवट्यासह, चोरांचा हात न लागलेला. तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं, कुणाचं लक्ष गेलं नाही. हा एक फलक माझ्या हट्टाने वाढवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

शवपेटी आणि आतल्या तीन पेट्या. दगडी पेटी क्वार्ट्झाइटची, झाकण मात्र ग्रॅनाइटचं, पिवळं रंगवून जुळवलेलं, आणि मधोमध तडकलेलं. तडा गिलाव्याने बुजवून वर रंग. खरं झाकण वेळेवर तयार झालं नसावं.

आतल्या मनुष्याकृती पेट्या २.२४, २.०४ आणि १.८८ मीटर. आमच्या ११.२, १०.२ आणि ९.४ सेंटिमीटर. बाहेरच्या पेटीची पावलं जास्त उंच झाली, दगडी झाकण बसेना, तेव्हा बोटं तिथल्या तिथे तासून टाकली. सोनेरी ढलप्या तळाशी तशाच पडून होत्या. आमचीही सँडपेपरने तासली, भुकटी तळात ठेवली.

झाकण उचलण्याची तारीख १२ फेब्रुवारी १९२४. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांच्या बायकांना आत न्यायचं होतं, मंत्रालयाने परवानगी नाकारली, कार्टरने चिडून कुलूप लावून काम बंद केलं. झाकण दोरांना टांगलेलंच राहिलं. इंग्रजांनी १९२२ त इजिप्तला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, १९२४ च्या जानेवारीत राष्ट्रवादी झगलूल पाशांचं सरकार आलं होतं. राजा आमचा, दरी आमची, आणि पाहुणे कोण येणार हे कार्टर ठरवणार, हे त्यांना का चालावं? मला यात कार्टरची बाजू घेता येत नाही. अधिकाऱ्यांनी कुलपं तोडून झाकण खाली उतरवलं. कार्टर परत आला १९२५ च्या जानेवारीत. तोवर पहिल्या दोन मखरांमधलं सोनेरी फुलं टाकलेलं कापडी आच्छादन बाहेर उघड्यावर राहून नासलं होतं. तीन हजारांहून अधिक वर्षं टिकलेलं कापड एका भांडणात गेलं.

पुलीला दोरा लावून आमचं झाकण लटकवता येतं. पोरांना हेच सगळ्यांत आवडणार.

सगळ्यांत आतली पेटी भरीव सोन्याची, ११० किलो. म्हणून पेट्या उचलताना इतक्या जड का लागत होत्या हे कार्टरला उशिरा कळलं. मुखवटा, क्रमांक २५६अ, आमच्या मापात २.७ सेंटिमीटर. काकांना दाखवला. बराच वेळ हातात धरून बसले आणि म्हणाले, "याच्याबरोबर फोटो कसा काढणार?"

३० नोव्हेंबर

पोरांकडून चाचणी. नियम : क्रमांकाचं कार्ड ठेवल्याशिवाय, नकाशावर फुली मारल्याशिवाय वस्तू उचलायची नाही. सुरुवातीला कंटाळली, मग एकमेकांवर पहारा ठेवू लागली. एकीने मखराचं छप्पर आधी काढायला घेतलं तर दुसरा ओरडला, "भिंत! आधी भिंत!"

बाहेरच्या वाटेवर रूळ टाकले, एच-ओ मापाच्या खेळण्यातले. माप जुळत नाही, तिकडे दुर्लक्ष. १९२३ च्या मे महिन्यात पेट्या नदीपर्यंत न्यायच्या होत्या, सुमारे ९ किलोमीटर, आणि रूळ पुरेसे नव्हते. मजुरांनी गाड्या पुढे ढकलल्या की मागचे रूळ उचलायचे, पुढे नेऊन टाकायचे, तापलेलं लोखंड हातांनी. पंधरा तास. फलकाचं चित्र याचंच करायला हवं होतं असं आता वाटतं, पण छापून झालंय.

१४ डिसेंबर, रविवार

जोडखोली राहिली होती. ही सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत भरलेली : दोन हजारांवर वस्तू, चोरांनी उलथीपालथी केलेल्या, आवरायला कुणी आत गेलंच नव्हतं. पलंग, टोपल्या, दारूचे रांजण, खुर्च्या, फळांच्या करंड्या, एकावर एक. जमीनच दिसत नव्हती. कार्टरने तिला हात लावला १९२७ च्या हंगामात, आणि सुरुवातीला पाय ठेवायला जागा नाही म्हणून दाराच्या उंबऱ्यावरून काखेत दोर अडकवून, खाली लोंबकळत पहिल्या वस्तू उचलल्या. शेवटच्या वस्तू कबरीबाहेर पडल्या १९३० त, प्रयोगशाळेतलं काम चाललं १९३२ पर्यंत.

दोन हजार वस्तू आमच्याने होणार नाहीत. छापलेल्या बाकीच्या सगळ्या खोलीत ओतल्या, वर तारेचा कार्टर टांगला. टोपी आहे, मिशी आहे.

मंगळवारी हॉलवर न्यायचंय. टेंपो सांगितला. झाकण वेगळ्या खोक्यात, शवकक्षाची भिंत वेगळ्या. भाची म्हणते भिंत कुणी लावायची नाही, ती तिथे आल्यावरच, मखरं बसल्यानंतर, ती स्वतः लावेल.